रोहन बोपण्णा थांबला... आणि डबल्स हे 'करिअर' असतं का?

कृष्णाकाठची_आई
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझी लेक १५ वर्षांची आहे, आम्ही सांगलीत राहतो. सहा वर्षं टेनिस खेळतेय. पहाटे साडेपाचला कोर्टवर, मग शाळा, संध्याकाळी परत कोर्ट. आयटाच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) स्पर्धांसाठी सोलापूर, पुणे, संभाजीनगर, एकदा पार रायपूरपर्यंत गेलोय. सिंगल्सला पहिल्या-दुसऱ्या राउंडला हरते. डबल्सला मात्र गेल्या वर्षात चार वेळा सेमीफायनल आणि एकदा फायनल. मागच्या आठवड्यात सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला डबल्सकडे वळवूया. नेटवर हात फार मऊ आहेत तिचे, पण सिंगल्सला जे पाय लागतात ते नाहीत." मला खरं सांगायचं तर लागलं ते. आमचे हे म्हणाले, म्हणजे सायन्सला मार्क कमी पडले म्हणून दुसरीकडे ॲडमिशन घ्या असं सांगितल्यासारखंच झालं की.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, १ नोव्हेंबर २०२५ ला, बोपण्णाने निवृत्ती जाहीर केली. ४५ वर्षांचा माणूस, जगात एक नंबरला जाऊन आलेला, आणि सगळं डबल्सच्या जोरावर. लेकीने मला त्याचा फोटो दाखवला आणि विचारलं, आई हे नापास झाले होते का गं?

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्हाला विचारतेय. डबल्स हे करिअर असतं का? पोट भरतं का त्यावर? आणि कुठल्या वयात ठरवायचं असतं हे?

बेसलाईनबहाद्दर
ताई, राग मानू नका, पण स्पष्ट लिहितो. डबल्स बघतं कोण? टीव्हीवर सिंगल्स संपलं की लोक चॅनल बदलतात. बोपण्णाबद्दल पूर्ण आदर आहे, पण त्याचं सिंगल्सचं सर्वात वरचं रँकिंग २१३ होतं. पहिल्या शंभरात असता तर तो डबल्सकडे वळला असता का? १५ व्या वर्षीच मुलीला सांगणं की तुझ्याच्याने सिंगल्स होणार नाही, हे मला पटत नाही. दोन वर्षं द्या अजून.

सर्व्हिसलाईन
@बेसलाईनबहाद्दर, २१३ हा आकडा तुम्ही असा लिहिलाय जणू गल्लीतला नंबर आहे. आख्ख्या जगात २१३. भारतातून सिंगल्सला तिथपर्यंत पोचलेले किती जण आठवतात तुम्हाला?

आणि त्याला सिंगल्स खेळता येत नव्हतं असं समजू नका. सप्टेंबर २०१० आठवा. चेन्नईला डेव्हिस कपमध्ये ब्राझील समोर, पहिल्या दिवशी आपण दोन्ही सिंगल्स हरलो, त्यातली एक बोपण्णाच हरला होता, पाच सेट खेळून. मग पेस-भूपतीने डबल्स काढली, सोमदेवच्या मॅचमध्ये बेलुची अर्ध्यात थांबला, २-२ झालं. आणि शेवटच्या निर्णायक मॅचला कोण उतरलं? बोपण्णा. रिकार्डो मेलोला सरळ तीन सेटमध्ये हरवलं. तेव्हा त्याला यूएस ओपनची फायनल खेळून न्यूयॉर्कहून येऊन आठवडासुद्धा धड झाला नव्हता. चेन्नईचा तो दमट उकाडा ज्याने अनुभवलाय त्याला कळेल मी काय म्हणतोय.

बेसलाईनबहाद्दर
ती मॅच मी बघितलीये, मान्य आहे. अंगावर काटा आला होता. पण तो एक दिवस झाला, करिअर नाही.

दख्खनचा_वारा
माझा बोपण्णा म्हणजे बालेवाडीचा बोपण्णा :)

जानेवारी २०१९, महाराष्ट्र ओपनची फायनल, बोपण्णा आणि दिविज शरण. सिंगल्सच्या फायनलला अँडरसन आणि कार्लोविच होते, त्यामुळे गर्दी मुख्यतः त्या दोन ताडांसाठी, पण मी आणि माझा मेव्हणा खास डबल्ससाठी गेलो होतो. आमची जागा कोपऱ्यात होती, जिथून नेटवर उभ्या असलेल्या माणसाची पाठ दिसते. टीव्हीवर हे कधीच नीट कळत नाही. दिविज सर्व्हिसला, बोपण्णा नेटवर वाकलेला आणि डावा हात पाठीमागे. आधी मूठ मिटलेली. मग दोन बोटं. मग परत मूठ. मागून दिविजने 'हं' असं काहीतरी म्हटलं आणि सर्व्हिस केली. बॉल समोरच्याच्या रॅकेटला लागायच्या आत बोपण्णा आडवा सुटला होता, एवढा उंच माणूस मांजरासारखा, आणि एका टप्प्याचाही अवकाश न देता मधोमध ठोकला. मेव्हणा म्हणाला, "याला आधीच कसं कळलं?" कळलं नव्हतं, त्यांनी ठरवलं होतं. पुढच्या पॉइंटला परत बोटं, आणि हा जागचा हललाच नाही. समोरचा मात्र तो हलणार या भीतीने लाइनवर मारायला गेला आणि बॉल ट्रॅमलाइनच्या बाहेर.

६-३, ६-४ जिंकले. २०२२ लाही तो तिथेच रामकुमारबरोबर जिंकला. पुण्याने त्याला दोनदा ट्रॉफी दिलीये. आणि तसं बघितलं तर पुण्याशी नातं त्याही आधीचं, कूर्गच्या कॉफीच्या मळ्यातून आलेलं हे पोरगं आपल्या टेनिस कोच नंदन बाळ सरांकडे शिकायला पुण्यात होतं.

शेवग्याची_शेंग
@दख्खनचा_वारा काय वर्णन केलंय! मी टेनिसमधलं ओ की ठो कळत नसताना तीनदा वाचलं.

अनिवासी_अण्णा
मेलबर्नहून लिहितोय. २७ जानेवारी २०२४ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या पुरुष डबल्स फायनलला मी रॉड लेव्हर अरीनात होतो. महिलांची सिंगल्स फायनल आधी झाली, सबालेंकाची, आणि ती संपल्यावर अर्धं स्टेडियम उठून गेलं, हे बेसलाईनबहाद्दर म्हणतात ते खरं आहे. पण जे उरले त्यांच्यात आपली माणसं किती होती! माझ्या मागे एक तमिळ कुटुंब, पलीकडे पंजाबी पोरं ढोल नसल्यामुळे खुर्च्याच बडवत होती, आणि बोपण्णाचा जोडीदार एब्डन ऑस्ट्रेलियाचा असल्यामुळे इथलेही सगळे आमच्याच बाजूने. असा प्रसंग विरळा की भारतीय आणि ऑस्ट्रेलियन प्रेक्षक एकाच बाजूने ओरडतायत.

पहिल्या सेटमध्ये कुणाची सर्व्हिस तुटेना. टायब्रेकर आला आणि तो ७-०. समोरची बोलेली-वावासोरी चांगली टीम आहे हो, पण त्या सात पॉइंटांत त्यांना श्वास घेऊ दिला नाही. दुसरा सेट ७-५. शेवटचा पॉइंट झाला आणि दोघांनी एकमेकांना मिठी मारली तेव्हा माझ्या बायकोच्या डोळ्यात पाणी, आणि ती टेनिस बघत नाही. मी तिला सांगितलं होतं की हा माणूस ४३ वर्षांचा आहे आणि पुरुषांच्या डबल्समध्ये हे त्याचं पहिलं ग्रँड स्लॅम आहे. तिने विचारलं, इतकी वर्षं काय करत होता? मी म्हटलं, हेच करत होता. दर वर्षी येत होता.

मनमाड_एक्सप्रेस
६१ व्या प्रयत्नात आणि १९ जोडीदार बदलून. आमच्या आत्याने माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात केली तेव्हा अकराव्यालाच सगळे दमले होते!

शेवग्याची_शेंग
हाहाहा. मनमाडकर, विसावं एब्डन निघावं ही शुभेच्छा.

सर्व्हिसलाईन
गंमत बाजूला ठेवली तरी मनमाडकरांनी नकळत मुद्द्याला हात घातलाय. डबल्सवाल्याचं निम्मं करिअर जोडीदार शोधण्यात जातं. सिंगल्सला तू आणि तुझं रँकिंग. डबल्सला स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांचं रँकिंग मिळून. म्हणजे तू ४० आणि जोडीदार ९० असेल तर छोट्या स्पर्धेत, जिथे १६ च टीम असतात, तिथे बाहेर राहायची वेळ येऊ शकते. वर सिंगल्सचे खेळाडू आपल्या सिंगल्स रँकिंगवर आत येतात. मग फोन सुरू होतात. याचा जोडीदार जखमी झालाय का, त्याचं कुणाशी फाटलंय का, पुढच्या आठवड्यात कोण मोकळा आहे. बोपण्णाचे जोडीदार बघा ना, कुरेशी, भूपती, रॉजर-वासेलिन, मर्गेआ, शापोवालोव्ह, एब्डन, आणि अगदी शेवटची मॅच पॅरिसला बुब्लिकबरोबर. वेगवेगळ्या देशांची, स्वभावांची, वयाची माणसं. एकाला सर्व्हिस गेल्यावर पाठीवर थाप लागते, दुसऱ्याला कुणी काही बोललेलं चालत नाही. हे सगळं सांभाळून २६ टायटल जिंकलीयेत त्याने. जिथे २०११ ला कुरेशीबरोबर आणि २०१२ ला भूपतीबरोबर जिंकला त्या पॅरिस मास्टर्समध्येच शेवट केला.

हिशेबनीस
ताईंनी पोटाचं विचारलंय त्यावर कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो.

२०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पुरुष डबल्स विजेत्यांना ७ लाख ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होते. हे टीमला, एकाला नाही. म्हणजे बोपण्णाच्या वाट्याला ३ लाख ६५ हजार. त्याच वर्षी सिंगल्स विजेत्या सिनरला ३१ लाख ५० हजार. म्हणजे साडेआठ पटींहून जास्त फरक. त्यातून कर वजा, कोचचा पगार, फिजिओ, विमानं, हॉटेलं. आणि हे विजेत्याचं झालं, ज्याला सोळा टीमच्या छोट्या स्पर्धेत पहिल्याच राउंडला घरी जावं लागतं त्याचा आठवडा बहुतेक तोट्यातच. चॅलेंजर आणि आयटीएफच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धांच्या पातळीवर तर खिशातूनच जातात. पहिल्या पन्नास-साठात टिकलं तर चांगलं जगता येतं, त्याच्या बाहेर फार ओढाताण आहे. मुलीला खेळवताना पहिल्या दिवसापासून वहीत खर्च लिहा, हे माझं कळकळीचं सांगणं.

एक गोष्ट मात्र डबल्सच्या बाजूने आहे. आयुष्य लांब. सिंगल्सला पस्तिशी म्हणजे संध्याकाळ, डबल्सला पस्तिशीत माणूस ऐन भरात असतो. म्हणजे वर्षाला कमी, पण वर्षं जास्त.

बेसलाईनबहाद्दर
@हिशेबनीस, बघा, माझाच मुद्दा झाला ना. साडेआठ पट.

हिशेबनीस
पहिल्या शंभरात पोचण्याची शक्यता पण धरा की हिशेबात. नुसतं बक्षीस धरून कसं चालेल.

आयंगारवाली
लांब आयुष्यावरून मला लिहायलाच हवं.

बोपण्णाच्या गुडघ्यांमधली कूर्चा पार झिजली होती. इंजेक्शनं घेऊन झाली. लॉकडाऊनच्या काळात त्याने आयंगार योग सुरू केला आणि त्यानेच पुढे अनेक मुलाखतींमधून सांगितलं की पेनकिलरशिवाय खेळता यायला लागलं ते त्यामुळे. मी गेली चौदा वर्षं आयंगार पद्धतीने करतेय, माझेही गुडघे साठीच्या आधीच बोलायला लागले होते. लोकांना वाटतं योग म्हणजे डोळे मिटून बसणं. आमच्याकडे पट्टे, लाकडी ठोकळे, लोड, घडीच्या खुर्च्या, भिंतीला अडकवलेले दोर. नुसत्या दंडासनात बसवून बाई वीस मिनिटं मांडीचा स्नायू वर खेचायला लावतात, गुडघ्याची वाटी आत ओढा म्हणतात, आणि पहिल्या महिन्यात तुम्हाला ती वाटी आपल्याला आहे हेच समजत नसतं. एक दिवस ती हलते. मग जिना उतरताना कळतं की काहीतरी बदललंय. बेळ्ळूरच्या आमच्या गुरुजींचं, बी. के. एस. अय्यंगारांचं, सगळं काम पुण्यात झालं, १९७५ पासून संस्था इथे आहे, आणि त्या पद्धतीने एक माणूस ४३ व्या वर्षी जगात एक नंबर होतो, याचा मला घरच्या माणसासारखा अभिमान वाटला होता.

ताई, मुलीला आत्तापासून लावा. दुखायला लागल्यावर नको.

अनिवासी_अण्णा
@आयंगारवाली, आणि त्याआधीचं २०२१ पण लिहा. महिनोन्महिने एकही मॅच जिंकली नव्हती त्याने. सगळं सोडून घरी जावं, घरी बायको आहे, लहान मुलगी आहे, मी इथे काय करतोय असं वाटत होतं हे त्याने स्वतः सांगितलंय. तेव्हा थांबला असता तर कुणी चूक म्हटलं नसतं. ४१ वर्षांचा होता. त्यानंतरच्या तीन वर्षांत काय काय झालं बघा: दोहा, इंडियन वेल्स, यूएस ओपनची फायनल, ऑस्ट्रेलियन ओपन, मायामी, एक नंबर, पद्मश्री.

जुना_जाणता
मला अजूनही २०१० ची जोडी सर्वात आवडते. बोपण्णा आणि ऐसाम उल हक कुरेशी. एक कूर्गचा, एक लाहोरचा. 'युद्ध थांबवा, टेनिस सुरू करा' असं छापलेले कपडे घालून उतरायचे. यूएस ओपनच्या फायनलला दोन्ही देशांचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत प्रेक्षकांत एकत्र बसले होते. ब्रायन बंधूंसमोर दोन्ही सेट टायब्रेकरला हरले, पण हरल्यावर ब्रायन बंधूंनीही त्यांचं भरभरून कौतुक केलं. आज परत असं काही दिसेल का माहीत नाही, मी ते पाहिलंय यातच मला आनंद आहे.

तलवारबाज
जुने काका, तुमच्या त्या जोडीमुळे काय फरक पडला सीमेवर? उगाच

संपादक_मंडळ
वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. धागा टेनिसवर राहू द्या.

जुना_जाणता
@तलवारबाज, सीमेवर फरक पडेल असं कुणीच म्हटलं नव्हतं बाळा. दोन माणसं एका बाजूने खेळत होती, एवढंच होतं ते, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

लॉबमास्टर
सगळे गोडगोड लिहितायत म्हणून आठवण करून देतो, २०१२ लंडन ऑलिम्पिक. पेसबरोबर खेळणार नाही म्हणून भूपती आणि बोपण्णाने सांगितलं, शेवटी दोन टीम गेल्या, पेस बिचारा विष्णू वर्धनबरोबर. आणि पदक कुणालाच नाही. देशासाठी खेळताना आवडनिवड बाजूला ठेवायला हवी होती हे माझं मत आजही आहे.

सर्व्हिसलाईन
@लॉबमास्टर, मी याच्या बरोबर उलट मताचा. वर लिहिलंय ना, जोडी ही रँकिंग बघून जोडता येत नाही. त्या वर्षभर भूपती-बोपण्णा ऑलिम्पिक समोर ठेवून एकत्र खेळत होते. ऐनवेळी मोडायला सांगितलं तर कुणालाही राग येणार. २०१६ ला रिओमध्ये पेस-बोपण्णा खेळलेच ना एकत्र, पहिल्या राउंडला हरले.

लॉबमास्टर
सराव न करता उतरल्यावर हरणारच. यावर आपलं एकमत होणार नाही, सोडा. रिओमध्ये मला जास्त लागलं ते मिक्स्ड डबल्स. सानिया-बोपण्णा सेमीफायनलला पोचले, पदकाच्या इतक्या जवळ, आणि चौथे आले. ती जखम अजून ओली आहे.

सर्व्हिसलाईन
तिथे एकमत. त्या रात्री मीपण झोपलो नव्हतो.

शेवग्याची_शेंग
प्रश्न: मिक्स्डला त्याने काहीच जिंकलं नाही का?

दख्खनचा_वारा
जिंकलं की! २०१७ फ्रेंच ओपन, कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर. पहिला सेट २-६ गेला, दुसरा ६-२ घेतला, आणि शेवटचा टायब्रेकर १२-१०, समोरच्यांचे दोन मॅच पॉइंट वाचवून. त्याचं पहिलं ग्रँड स्लॅम तेच. २०२३ ला ऑस्ट्रेलियात सानियाबरोबर फायनल हरला, सानियाचं ते शेवटचं ग्रँड स्लॅम होतं.

आणि मंडळी, सगळ्यात जवळचं तुम्ही विसरलात. २०२३ हांगझोऊ एशियन गेम्स, मिक्स्ड डबल्सचं सुवर्ण, बोपण्णा आणि आपली ऋतुजा भोसले! श्रीरामपूरची पोर. पहिला सेट २-६ गेला होता, तिथून फिरवली मॅच, शेवटचा टायब्रेकर १०-४.

कृष्णाकाठची_आई
हो हो! ही मॅच आम्ही घरात बघितली होती. लेक तेव्हा तेरा वर्षांची. ऋतुजाच्या प्रत्येक रिटर्नला ही सोफ्यावरून उठून उभी राहत होती.

बार्शी_लाईट
आमच्या बार्शीचं नाव घेतल्याशिवाय धागा पुरा होतो होय? प्रार्थना ठोंबरे. बार्शीसारख्या गावातनं पोरगी उठली, २०१४ ला इंचॉनला सानियाबरोबर एशियन गेम्सचं कांस्य घेतलं, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला सानियाबरोबरच डबल्स खेळली. ऑलिम्पिक म्हणतोय मी, ऑलिम्पिक! सिंगल्सच्या नादाला लागून बसली असती तर गेली असती का? ताई, सांगली काय आन बार्शी काय, अंतर तेवढंच हाय.

सर्व्हिसलाईन
@बार्शी_लाईट १०० टक्के. मुलांमध्ये पुण्याचा अर्जुन कढे बघा. अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेटला कॉलेज टेनिस खेळला, मग वर्षानुवर्षं चॅलेंजर, आणि ऑक्टोबर २०२४ ला ऋत्विक बोल्लीपल्लीबरोबर अल्माटीला एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टूरचं) टायटल. आणखी मागे गेलात तर १९९४ हिरोशिमा एशियन गेम्सला पेसबरोबर सुवर्ण जिंकणारा गौरव नाटेकर. डबल्स ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही.

बेसलाईनबहाद्दर
मी माझं मत पूर्ण बदललं नाहीये, पण एक सांगतो. २०२५ ला यूएस ओपनने मिक्स्ड डबल्स मुख्य स्पर्धेच्या आधी दोन दिवसांत उरकली, १६ टीम, दहा लाख डॉलर बक्षीस, आणि सिंगल्सच्या मोठमोठ्या खेळाडूंना बोलावलं. डबल्सवाल्यांना जवळपास बाहेरच ठेवलं. मला वाटलं होतं आता सिंगल्सवाले यांना धुऊन काढणार. आणि जिंकलं कोण? एरानी आणि वावासोरी, आदल्या वर्षीचेच विजेते, डबल्सचीच माणसं, फायनलला श्वियाँतेक-रूडला हरवून. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बसून बघितलं. सिंगल्सवाले बॉल जोरात मारत होते पण तो कुठे सोडायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणजे ही वेगळी विद्या आहे हे मान्य.

अनिवासी_अण्णा
तोच वावासोरी, ज्याला मी मेलबर्नला हरताना बघितला :)

दोन_मुलांचा_बाप
ताई, मी बापाच्या बाजूने लिहितो, कारण आम्ही यातून गेलोय. माझा मोठा मुलगा १६ व्या वर्षी अशाच वळणावर होता. आम्ही ऐकलं नाही. सिंगल्स सिंगल्स करत तीन वर्षं घालवली, एका अकादमीत भरपूर पैसे भरले, तिथे रोज चार तास बेसलाइनवरून बॉल मारायचे आणि नेटवर कुणी आणतच नव्हतं. मुलगा हरत राहिला, मग चिडत राहिला, मग बोलेनासा झाला. एकदा स्पर्धेहून परत येताना एसटीत पाच तास तो खिडकीतून बाहेर बघत होता आणि मी त्याच्या शेजारी बसून एक वाक्य बोलू शकलो नाही. ते पाच तास मी विसरलेलो नाही.

नंतर एका मित्राबरोबर सहज म्हणून डबल्स खेळला आणि हसताना दिसला. डबल्समुळेच पुढे त्याला अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत स्कॉलरशिप मिळाली, कारण तिथल्या कॉलेज टीमच्या सामन्यात डबल्सचा पॉइंट वेगळा असतो आणि तो मिळवून देणारी मुलं कोचना हवी असतात. प्रो झाला नाही. इंजिनिअर झाला, आणि अजून शनिवारी खेळतो. धाकट्याला मात्र आम्ही दोन्ही खेळू दिलं, ठरवायची घाई केली नाही.

माझं मत विचाराल तर १५ हे वळवायचं वय नाही, पण शिकवायचं नक्की आहे. सरांना विचारा की सिंगल्स बंद करायचं म्हणताय की डबल्स मन लावून शिकवायचं म्हणताय. दोन्हीत फार अंतर आहे.

सर्व्हिसलाईन
+१. बापमाणसाने नेमकं लिहिलं. आणि शिकवायचं म्हणजे काय ते सरांना विचारा: रिटर्न पायापाशी टाकणं, दुसरी सर्व्हिस अंगावर, हाफ व्हॉली, लॉब झाल्यावर कोण मागे पळणार हे ओरडून सांगणं. ग्रँड स्लॅम सोडून टूरवरच्या स्पर्धांत डबल्सला आता ४०-४० ला एकच पॉइंट असतो, रिटर्न कुणी घ्यायचा ते घेणाऱ्यांनी ठरवायचं, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहाचा टायब्रेकर. तिथे कच खाल्ली की संपलं. हे सवयीनेच येतं.

आयंगारवाली
@दोन_मुलांचा_बाप, ते एसटीतले पाच तास... लिहिल्याबद्दल आभार.

कृष्णाकाठची_आई
सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री लेकीला मोठ्याने वाचून दाखवले. हेपण ऐकत होते, मध्येच चहा करायला उठले आणि तिथूनच ओरडले, "बोटांचं परत वाच!" दख्खनकर, तुमचा तो परिच्छेद तीनदा वाचला.

मग मी तिला सरळ विचारलं, तुला काय आवडतं. ती म्हणाली, "सिंगल्स हरले की मला वाटतं मी एकटी आहे. डबल्स हरले की तन्वी आणि मी वडापाव खातो आणि कुठे चुकलं ते बोलतो." (नाव बदललंय.) आणि मग म्हणाली, "पण सिंगल्स नको म्हणू नकोस, मला अजून जिंकायचंय एकदा तरी क्वार्टरफायनल."

आज सरांना भेटून आले. बापमाणसाने सांगितला तो प्रश्न जसाच्या तसा विचारला. सर हसले, म्हणाले बंद कुणी सांगितलं, आठवड्यातले दोन दिवस तन्वीबरोबर फक्त नेटवर काम करायचं असं म्हणत होतो. म्हणजे मी अर्धंच ऐकलं होतं. मार्करला (सरावाला समोर खेळणाऱ्याला) उद्यापासून दोघींसाठी सांगितलंय. खर्चाची वहीपण केली, पहिल्या पानावर रॅकेटच्या गटिंगचे (तारा बसवण्याचे) पैसे लिहिलेत.

लेकीला तिच्या प्रश्नाचं उत्तरपण दिलं. म्हटलं, नाही गं, ते नापास नव्हते झाले, त्यांचा पेपरच वेगळा होता. पुढच्या महिन्यात सोलापूरला स्पर्धा आहे, दोघींची एन्ट्री टाकलीये.

बार्शी_लाईट
सोलापूरला येताय तर हॉटेल कशाला? माझी बहीण तिथंच ऱ्हाते, स्टेडियमपासनं धा मिनिटं. दोन्ही पोरी आन तुम्ही, तिघींची सोय होईल. मेसेज टाका मला.

दख्खनचा_वारा
मी आणि मेव्हणा पुण्याहून येतोय मॅच बघायला. कोपऱ्यातली जागा धरून ठेवा.

बेसलाईनबहाद्दर
डबल्स किती वाजता आहे ते पण कळवा.